काळ्या-कठीणाचं नाव

नारीन, १४ जानेवारी २०१९

आपा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागद-पेन. सोळा वर्षांच्या मुलीला पत्रं लिहायला लावणारी तुझ्यासारखी काकू अख्ख्या डोंगरात दुसरी नसेल. कुबातच्या मिनीबसमधून पाठवतेय. सीटखाली टाकून विसरू नकोस म्हणून त्याला सांगितलंय. नुसतं सांगितलंय, नाव घेऊन नाही. घाबरू नकोस.

माझं इथे उत्तम चाललंय. वसतिगृहातली सगळ्यात गरम खोली माझी, खिडकीजवळचा पलंग माझा. गणिताच्या बाईंचं पूर्ण नाव मी रजिस्टरवर वाचलं, तेव्हापासून मला गृहपाठ नसतो. तू म्हणशील, वाईट आहे हे. मी म्हणते, एवढी जीभ मिळाली ती काय नुसते तळलेले बोर्सोक चावायला? जन्मल्यावर माणसाच्या कानात जे नाव घातलं, ते घेऊन मी काही सांगितलं की तो ते करतो, आणि मी थांब म्हणेपर्यंत करत राहतो. यात माझा काय दोष? लोकांची नावं मी ठेवलेली नाहीत.

माझ्या खोलीत अकमारल नावाची मुलगी आहे. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. पाच तारखेला मी म्हटलं, "अकमारल, गप्प बस." बसली. अजून गप्प आहे. डॉक्टर म्हणतात, घशात काही दिसत नाही. खोलीत आता छान शांत असतं.

आता कामाचं. मला त्या माणसाचं खरं नाव हवंय. बापाला म्हणतात ते 'अता' म्हणायला माझी जीभ वळत नाही, तेव्हा कोण ते तुला कळलंच असेल. आई गेली, तिचा चाळिसावा दिवस झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने मला तुझ्या दारात सोडलं नि रशियाला विटा रचायला गेला. पाच वर्षं झाली. फोनवर तीनदा म्हटलं, "तुर्सुन, घरी ये." तीनदा एकच उत्तर, "पुढच्या वर्षी, कोकरा." म्हणजे तुर्सुन हे काही त्याच्या कानात घातलेलं नाव नाही. तूच एकदा म्हणाली होतीस, लहानपणी मरता मरता वाचला म्हणून नाव बदललं. आधीचं कोणतं ते सांग.

बेत लपवत नाही. त्याला इथे आणणार, वसतिगृहाच्या दारात उभं करणार आणि म्हणणार, "जा." त्याची पाठ मी एकदा बघितलीय. आता पुन्हा बघणार, पण या वेळी मी सांगितलं म्हणून तो जाईल. बास, एवढंच.

बेगायिम


कोक-जार, २० जानेवारी

बेगायिम,

मेंढ्या बऱ्या आहेत, गाय बरी आहे, मी बरी नाही. तुझं पत्र वाचता वाचता चहा आटून गेला आणि भांडं करपलं, तेही तुझ्याच नावावर लिहून ठेवते.

नावं मी ठेवलेली नाहीत म्हणे! कार्टे, नावं ठेवण्याचं मला सांगतेस? पस्तीस वर्षांपूर्वी मी या घरात सून म्हणून आले. सासरच्या एकाही माणसाचं नाव ओठांवर आणायचं नाही, ही आपली रीत. मग काय करते बिचारी सून? स्वतः नावं ठेवते. सासऱ्यांना मी 'उंच टोपी' म्हणायची. तुझ्या काकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, 'अहो चुलीजवळचे'. तुझा बाप तेव्हा तीन वर्षांचा, नाक गळणारा. त्याला म्हणायची 'शेंडेफळ'. "शेंडेफळा, पाणी आण रे," म्हटलं की बादली सांडत सांडत पळत यायचा. खरं नाव घेतलं नाही म्हणून माझं कुणी ऐकलं नाही असं कधी झालं नाही.

फोनचं विचारतेस. गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या अस्करला नाव घेऊन नदीत उभं केलंस आणि स्वतः जेवायला निघून गेलीस. त्याचे गुडघे अजून धरतात. मला बघितलं की गुडघ्यावर हात ठेवून बोलतो, म्हणजे मला लाज वाटावी. वाटतेही. माझं पासपोर्टावरचं नाव तुला पाठ आहे, आणि या वयात मला नदीत उभं राहायचं नाही. कागदावर तुझी जीभ चालत नाही, तेव्हा कागदावरच बोल.

बापाचं नाव मला माहीत आहे. सासूबाईंनी कानात सांगितलं होतं, चुकून घेऊ नये म्हणून. ते तुला मिळणार नाही. माणूस म्हणजे काय कुत्रं, शीळ घालून बोलवायला आणि दगड मारून हाकलायला?

आधी त्या मुलीचं तोंड उघड. पंधरा दिवस! अगं, तुला सर्दीनं दोन दिवस आवाज नव्हता तेव्हा थाळ्या आपटून घर डोक्यावर घेतलं होतंस.

इथे परवा वाऱ्यानं गोठ्यावरचा काळ्या-कठीणाचा पत्रा उडवला. मी काळ्या-कठीणाची पहार घेऊन रोज ओढ्यावरचा बर्फ फोडते, तेव्हा कुठे गायीला पाणी मिळतं. आणि तू गरम खोलीत बसून मला बेत लिहितेस.

पत्राच्या शेवटी हात उघडून आशीर्वाद द्यायचा असतो. मी मुठी मिटून ठेवल्यात. ती मुलगी बोलेल तेव्हा बघू.

तुझी आपा


नारीन, २९ जानेवारी

आपा,

मुठी मिट नाहीतर खिशात घाल. आशीर्वादानं कुणाला गरम खोली मिळाल्याचं मी ऐकलं नाही.

अस्करकाकांना म्हणावं, गुडघ्याला मेंढीची चरबी लावा. त्यांनी सगळ्यांसमोर मला 'बिनबापाची' म्हटलं होतं. ते तुला नाही ना सांगितलं त्यांनी? नदीत कमरेपर्यंत पाणी होतं, गळ्यापर्यंत नव्हतं. मी दयाळू आहे.

आता सौदा ऐक. तू नाव लिहून पाठव. ज्या दिवशी पत्र हातात पडेल, त्याच दिवशी अकमारलचं तोंड उघडते. नाही पाठवलंस तर ती गप्प राहील. म्हणजे आजपासून तिचं गप्प राहणं तुझ्या डोक्यावर. माझ्या नाही. बघ किती सोपं केलं.

ती रोज संध्याकाळी वहीत काहीतरी लिहीत बसते. तिच्या बापाचा फोन येतो. तो पलीकडून बोलत राहतो, ही फोन कानाला लावून नुसती मान हलवते. फोनवर मान हलवून काय दिसणार आहे त्याला? मूर्ख. मी भिंतीकडे तोंड करून झोपते.

मुली आता मला वाट देतात. जेवणाच्या टेबलावर सहा खुर्च्या आणि सहाही माझ्या. डबा कुठेही ठेवता येतो.

बेगायिम


कोक-जार, ९ फेब्रुवारी

बेगायिम,

तू मला भोवळ आणणार. तुझं पत्र वाचून मी तशीच बाहेर गेले आणि गायीला सगळं सांगितलं. तिनं निदान मध्ये बोलून मलाच दोषी ठरवलं नाही.

तीनदा पेन उचललं, हे कबूल करते. पस्तीस दिवस झाले त्या पोरीला. परक्याची लेक, तिच्या बापाला पलीकडे नुसता श्वास ऐकू येतोय. पहिल्यांदा वाटलं, लिहावं आणि मोकळं व्हावं. नाव लिहायला सुरुवातही केली. मग आठवलं, तुझा बाप त्या परदेशात उंच मचाणावर उभा असतो. हातात विटा असतील, खाली चार मजले असतील आणि तू फोनवर म्हणशील, ये. तो पायऱ्या शोधेल का गं? अस्करनं नदीत शिरताना बूट काढले नव्हते. मी तो कागद काळ्या-कठीणाच्या शेगडीत घातला आणि जळेपर्यंत समोर बसून राहिले.

माझ्या डोक्यावर टाकलंस ते मी घेतलं. रोज सकाळी उठल्यावर आधी तिची आठवण येते. पण तिच्या तोंडाची किल्ली तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. हा सौदा नव्हे गं, दादागिरी आहे, आणि तीही म्हाताऱ्या बाईवर.

कुबातबरोबर वाळवलेल्या दह्याच्या कुर्तची पिशवी पाठवलीय. ती अकमारलसाठी आहे. तुझ्यासाठी नाही. तिला म्हणावं, एका बाईनं पाठवलंय, जिला फार लाज वाटते.

आणि सहा खुर्च्यांचं मला लिहू नकोस. मला लिहिता-वाचता उशिरा यायला लागलं, पण सहा खुर्च्यांवर एकटी बसलेली मुलगी मला दिसते.

मुठी मिटलेल्याच.

तुझी आपा


नारीन, १८ फेब्रुवारी

आपा, आपा, आपा,

तू मला नाव दिलंस! तुलाच माहीत नाही, पण दिलंस.

रविवारी सर्दीनं अंथरुणात पडले होते. आवाज पार बसलाय. करमत नव्हतं म्हणून तुझी पत्रं पुन्हा वाचली. काळ्या-कठीणाचा पत्रा. काळ्या-कठीणाची पहार. काळ्या-कठीणाची शेगडी. आठवायला लागले. लहानपणापासून तुझ्या तोंडून हेच ऐकत आलेय. दुकानात गेलीस तरी "काळ्या-कठीणाचे खिळे द्या" म्हणायचीस, आणि तो दुकानदार हसून द्यायचा. मला वाटायचं, आपा विचित्रच आहे.

लोखंड! तू कधीच लोखंड म्हणत नाहीस. आपल्या बोलीतलं तेमिर म्हणत नाहीस! आणि तेमिर हे तर पुरुषाचं नाव. सुनेनं नाव तर घ्यायचं नाहीच, नावासारखा शब्दसुद्धा टाळायचा, हे काय मला माहीत नाही? सात पिढ्यांच्या बापांची नावं मला पाठ आहेत, बोटांवर म्हणून बघितली. त्यात तेमिर नाही. काकांचं नाव तेमिर नव्हतं. मग घरात उरलं कोण? शेंडेफळ!

लगेच फोन लावला. घोगऱ्या आवाजात म्हटलं, "तेमिर, घरी ये."

मग त्याचा आवाज आला, पण असा मी कधी ऐकला नव्हता. "बेगायिम? कुणाला हाक मारतेस तू?"

"तेमिर, घरी ये."

"येतो," म्हणाला. "लगेच निघतो. पडून राहा." आणि फोन बंदसुद्धा केला नाही, तसाच कुठेतरी टाकला. मागे कुणीतरी ओरडत होतं, अरे कुठे चाललास, अरे सिमेंट सुकेल.

मचाणावरून पडला नाही तो. उगाच घाबरवत होतीस.

सौदा संपला. नाव मी माझ्या अकलेनं काढलं, तेव्हा अकमारलचा त्याच्याशी संबंध नाही. कुर्त तिला दिले. तिनं अर्धे माझ्या उशीजवळ ठेवले. का, कोण जाणे. मी खाल्ले नाहीत. दोन खाल्ले.

बेगायिम


नारीन, ३ मार्च

आपा,

तू उत्तर पाठवलं नाहीस. रुसलीस? रुस.

तो आला. सहाव्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या दारात उभा. दाढी वाढलेली, टोपीवर सिमेंट. हातात एवढी मोठी पिशवी. काय असेल? मध, ताप मोजायची नळी, तीन तऱ्हेच्या गोळ्या आणि लोकरीचे मोजे, तेही दोन मापं लहान. मी काही बोलण्याआधी त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. हात खरखरीत आहे, पायपुसण्यासारखा.

आता ऐक मजा. तो सगळं ऐकतो. "तेमिर, उभा राहा." उभा. "तेमिर, माझे बूट पूस." पुसले, फीतही बांधून दिली. परवा अंगणात सगळ्या मुलींसमोर म्हटलं, "तेमिर, नाच." नाचला. टोपी हवेत उडवून, गुडघे आपटत, भर बर्फात. मुली पोट धरून हसल्या. अकमारलही हसत होती, आवाज न करता. नाव ऐकलं की मात्र दर वेळी तो एक क्षण मागे वळून बघतो, जणू पाठीशी कुणी येऊन उभं राहिलंय. मग माझ्याकडे वळतो आणि सांगितलेलं करतो. तेवढं एक विचित्र आहे. बाकी अशी जीभ कुणाला मिळणार!

"जा" अजून म्हटलं नाही. आज म्हणणार होते, पण त्याने कालच खिडकीची फट बुजवायला घेतली आणि काम अर्धं आहे. आठ मार्चच्या सुट्टीनंतर म्हणेन. नाहीतर नौरोजच्या आधी. घाई कशाला? कुबातच्या मेहुण्याकडे उतरलाय, पळून थोडाच जाणार आहे.

बेगायिम


कोक-जार, ११ मार्च

बेगायिम,

रुसले नव्हते. मागचं पत्र वाचून मी कपाळ एवढं बडवून घेतलं की टेंगूळच यायचं बाकी होतं. पस्तीस वर्षं ज्या शब्दाला वळसा घालून गेले, त्या वळशानंच तुला वाट दाखवली. काय लिहावं तेच सुचेना.

रविवारी तो माझ्याकडे येऊन गेला. पाच वर्षांनी. दारात बूट काढताना मी म्हटलं, "काय शेंडेफळा, पाणी आणायला गेलास तो आत्ता आलास?" तो हसायला गेला आणि रडला. मग आम्ही दोघं जेवलो आणि बराच वेळ बोललो. काय बोललो ते तुला सांगणार नाही. तू मला काय काय सांगतेस ते बघता, हा माझा हक्क आहे. एवढंच सांगते, तुझं कपाळ अजून गरम लागतं का, असं त्याने मला चारदा विचारलं. मी म्हटलं, "गरम नाही रे, तापट आहे."

त्याला तुझ्या जिभेचं काही माहीत नाही. मी सांगितलं नाही.

आता माझं ऐक. तुझा बेत होता ना, त्याला दारात उभं करायचं आणि हाकलायचं? मग हाकल. आज आठ मार्च, उद्या खिडकी, परवा नौरोज, ही काय खलनायिका झाली? ठरवलंस तसं कर. त्याला उभं कर, तेच नाव घे आणि जा म्हण. मी अडवत नाही. उलट मीच सांगतेय, म्हणून बघ.

मग मला लिही. बघू तुझी जीभ काय चमत्कार करते ते.

पासष्ट दिवस झाले त्या पोरीला. हात माझे दुखायला लागलेत मुठी आवळून.

तुझी आपा


नारीन, १७ मार्च

आपा,

तुला माहीत होतं.

काल म्हटलं मी. तू मला भितरी समजलीस, तेव्हा म्हणावंच लागलं. दुपारी तो खिडकीला शेवटचा हात फिरवून हात पुसत दाराशी आला. मी उंबऱ्यात उभी राहिले. पाच वर्षं जसं ठरवलं होतं, अगदी तसं. म्हटलं, "तेमिर, जा. रशियाला जा. परत येऊ नकोस."

त्याने नेहमीसारखं मागे वळून बघितलं. मग टोपी काढली आणि बाकावर बसला.

"नाही जात," म्हणाला.

"जा म्हटलं ना!"

"ऐकलं. कान शाबूत आहेत माझे."

"तेमिर, तुला जावंच लागेल!"

"तेमिर गेला, बेगायिम." असं हळू बोलला की मला पुढे वाकावं लागलं. "तेमिर माझा सगळ्यात थोरला भाऊ. अफगाणिस्तानच्या लढाईवर गेला आणि पेटीतून परत आला. मी पाच वर्षांचा होतो. गावभर त्याच्या खांद्यावर बसून फिरायचो. आईनं त्याचा फोटोसुद्धा पेटीत घातला. तेहतीस वर्षांत त्याचं नाव कुणी घेतलं नाही. आणि तू घेतलंस, तेही घोगऱ्या आवाजात, मला! मला वाटलं, पोर तापानं बरळतेय. तापात ज्यांना मेलेली माणसं दिसतात, ती वाचत नाहीत. होतो तसा खाली उतरलो."

"मग माझं सगळं ऐकलंस कशाला? उभा राहिलास, बूट पुसलेस!"

"आजारातून उठलेल्या पोराला कुणी नाही म्हणतं का?"

"आणि नाचलास ते?"

"तू म्हणालीस म्हणून."

आपा, तीन आठवडे मला वाटत होतं की मी त्याला नाचवतेय. माझी जीभ त्याच्यावर एकदाही चालली नव्हती. एकदाही नाही. तो कुठल्याही वेळी उठून जाऊ शकत होता. आणि जाऊ शकत होता तरी गेला नाही, आणि मी जा म्हटलं तरी गेला नाही. मला इतका राग आला की मी रडले. हे कुणाला सांगू नकोस, गायीलासुद्धा नाही.

मग मी विचारलं, पाच वर्षं का आला नाहीस? म्हणाला, आई गेल्यावर तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं, तुझं तोंड तिचं आहे. म्हणाला, ही माझी चूक. पुढे काही सारवासारव केली नाही. मी त्याला अजून माफ केलेलं नाही, तेही लिहून ठेव.

संध्याकाळी अकमारलच्या बापाचा फोन आला. ती कानाला लावून मान हलवायला लागली. मी तिला बडबडते म्हणून गप्प केलं नव्हतं, आपा. ती रोज बापाशी हसत हसत बोलायची, आणि मला ते भिंतीकडे तोंड केलं तरी ऐकू यायचं. मी म्हटलं, "अकमारल, बोल." सत्तर दिवसांनी तिचा पहिला शब्द मला वाटलं 'अता' असेल. तिनं फोन बाजूला ठेवला आणि मला अर्धा तास शिव्या घातल्या. काही तर मला नवीन होत्या. पलीकडे तिचा बाप आनंदानं ओरडत होता, "घाल, आणखी घाल!" मी मध्ये बोलले नाही. तिला खोली बदलून हवीय. माझी गरम खोली तिला दिली, मी पलीकडे जातेय. उद्या गणिताच्या बाईंकडे जायचंय. ते या सगळ्याहून अवघड.

एक राहिलं. तो मुक्कामाला परत निघताना मी त्याला त्याचं खरं नाव विचारलं. त्याने वाकून माझ्या कानात सांगितलं, लहान बाळाच्या कानात सांगतात तसं. आता ते माझ्याकडे आहे. एक शब्द म्हटला की झालं. पण मी म्हणणार नाही. म्हटलं, तर तो राहतोय तो माझ्या जिभेमुळे की स्वतःहून, ते मला पुन्हा कधीच कळणार नाही.

पण मग मी त्याला हाक कशी मारू? तुर्सुन म्हणवत नाही, तेमिर तो नव्हे, खरं घ्यायचं नाही. तू सगळ्यांना नावं ठेवतेस. मलाही एक ठेवून दे.

बेगायिम


कोक-जार, १९ मार्च

माझ्या कोकरा,

सोळा वर्षांची झालीस, माणसांना नदीत उभं करतेस, मास्तरणींना नाचवतेस, आणि बापाला हाक काय मारायची हे मला पत्र लिहून विचारतेस! तुझ्यापुढे मी हात टेकले.

अगं, जगातल्या सगळ्या पोरांना ते नाव पाठ असतं. ते कुणाच्या कानात घालावं लागत नाही आणि त्याची जादूही होत नाही. माणूस हाकेला ओ देतो, नाही तर नाही देत. मी वहिनी, मला त्याला ते म्हणता येणार नाही, तुला येतं. जीभ वळत नाही म्हणाली होतीस. वळव. अस्करला नदीत घालताना बरी वळली.

नौरोजला दोघं या. अकमारलला आणि तिच्या बापालाही घेऊन या, शिव्यांचं उरलंसुरलं इथे संपवू दे. आल्यावर आधी अस्करच्या घरी जायचं, चरबीची बरणी घेऊन, आणि त्याचे गुडघे स्वतःच्या हातानं चोळायचे. त्याने तुला म्हटलं त्याचा हिशेब मी करते, मला माहीत नव्हतं ते. 'बिनबापाची' म्हणायला आता त्याला तोंड राहिलं नाही.

आणि शेंडेफळाला सांग, गोठ्यावरचा पत्रा अजून तसाच उडालेला आहे. येताना काळ्या-कठीणाचे खिळे आण म्हणावं. हो, काळ्या-कठीणाचे. तो थोरला मला दीड-दोन वर्षंच दीर होता, पण घोड्यावरून जाताना नव्या सुनेला बघून उतरायचा. तेवढ्यासाठी मी त्याचं नाव मरेपर्यंत घेणार नाही.

बाकी काय लिहू? मुठी सोडल्यात. हात उघडे ठेवून पेन धरता येत नाही, म्हणून पत्र इथेच थांबवते.

तुझी आपा